खिंडीच्या अलीकडची रात्र

मे महिना सरला की मालवणचा समुद्र पर्यटकांसाठी बंद होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, स्कूबाचे सिलिंडर धुऊनपुसून खोलीत ठेवले जातात, यांत्रिक नौकांच्या मासेमारीलाही १ जूनपासून दोन महिने बंदी असते. पर्यटनाच्या हंगामात ज्यांना एक दिवसही उसंत मिळत नाही, त्यांना हेच दिवस मोकळे मिळतात. त्यांतले काही जण हिमालयाची वाट धरतात.

बेत ठरतो तो साधारण असा. कुडाळहून रेल्वेने दिल्ली, तिथून रात्रीच्या बसने मनाली, दुसऱ्या दिवशी जीपने जोबरा आणि लगेच चालायला सुरुवात. चार-पाच दिवसांत हम्प्ता पास ओलांडून लाहौलच्या बाजूला छतरूला उतरायचे. परतीच्या गाडीचे आरक्षण आधीच झालेले असते, कारण चतुर्थीच्या आत घरी पोहोचायलाच हवे, हे कोकणात कुणाला वेगळे सांगावे लागत नाही. बूट, जाकीट, रेनकोट, टॉर्च यांची यादी चार-चार वेळा तपासली जाते. या यादीत एक गोष्ट मात्र सहसा नसते, ती म्हणजे मोकळा राखून ठेवलेला दिवस. डॉक्टरच्या नजरेने पाहिले तर सगळ्या सामानात तीच सर्वांत महत्त्वाची.

मालवणच्या माणसाला दाबाचे गणित नव्याने शिकवायला नको. पाण्यात दहा मीटर खाली गेले की शरीरावरचा दाब दुप्पट होतो. कान दुखू लागतात, आणि वर येताना प्रशिक्षक घाई करू देत नाही. डोंगरावर हेच उलट्या दिशेने घडते. हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण मालवणच्या जेटीवर आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर सारखेच असते, सुमारे २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला तो ७६० मिलिमीटर पारा इतका असतो. लेहच्या उंचीवर, म्हणजे ३५०० मीटरच्या आसपास, तो दोन-तृतीयांशांवर येतो आणि ५५०० मीटरवर निम्मा होतो. प्रत्येक श्वासाबरोबर फुप्फुसात शिरणारा ऑक्सिजनही तितकाच घटतो. पाण्यात कान लगेच ओरड करतात. डोंगरावर अशी ओरड करणारा अवयव नाही. वर पोहोचल्यावर पहिले काही तास माणूस अगदी ठणठणीत असतो. फोटो काढतो, चहा पितो, चेष्टामस्करी करतो. डोके दुखू लागते ते सहा ते बारा तासांनी, म्हणजे बहुतेक वेळा रात्री, तंबूत.

विरळ हवेची जाणीव शरीराला लगेच होते, पण जुळवून घ्यायला वेळ लागतो. पहिल्या काही मिनिटांतच श्वास खोल आणि जलद होतो. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त किंचित अल्कधर्मी बनते आणि मेंदूतील श्वसनकेंद्र ‘आता पुरे’ म्हणून ब्रेक लावते. हा ब्रेक सैल करण्याचे काम मूत्रपिंडांचे. ती रक्तातील बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकतात आणि या कामाला काही दिवस लागतात. रक्तातील लाल पेशी वाढायला तर काही आठवडे. झोपेत श्वसन मंदावते, मध्येच काही सेकंद थांबते आणि मग धापा टाकत सुरू होते. शेजारी झोपलेल्याला घाबरवून सोडणारा हा प्रकार उंचीवर नेहमीचा आहे. रक्तातील ऑक्सिजन याच वेळी सर्वांत खाली जातो. म्हणूनच उंचीच्या वैद्यकात दिवसा माणूस किती वर चढला यापेक्षा रात्री कुठल्या उंचीवर झोपला, याला महत्त्व आहे.

भारतीय डॉक्टरांनी या विषयात फार मोठी भर घातली आहे आणि त्यामागचे कारण दुःखद आहे. १९६२च्या चीन युद्धाच्या काळात मैदानी प्रदेशातील जवानांना अतिशय घाईने हिमालयातील चौक्यांवर न्यावे लागले. तरणेबांड, वैद्यकीयदृष्ट्या तंदुरुस्त जवान गोळी न लागताही आजारी पडू लागले. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १९२५ जवानांचा अभ्यास १९६९मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केला. जगभरचे संशोधक आजही त्याचा दाखला देतात. लष्कराची पुढची शिस्त या अनुभवावर उभी राहिली. २७०० ते ३६०० मीटरच्या टप्प्यात सहा दिवस, ३६०० ते ४५०० मीटरच्या टप्प्यात आणखी चार दिवस आणि त्याहून वर जायचे असल्यास पुन्हा चार. एकूण चौदा दिवस. ज्याची तब्येत वर्षभर तपासली जाते आणि जो रोज पहाटे धावतो, त्या जवानासाठी हे वेळापत्रक आहे. हौशी ट्रेकर समुद्रकिनाऱ्यावरून निघून आठवड्याभरात ४२०० मीटरची खिंड ओलांडून परतीच्या बसमध्ये बसलेला असतो.

‘आपली तब्येत चांगली आहे, आपल्याला काही होणार नाही’ हा समज इथे दगा देतो. एव्हरेस्टच्या तळछावणीच्या वाटेवर फेरिचे नावाचे गाव आहे, उंची ४२४३ मीटर. तिथून जाणाऱ्या २७८ ट्रेकरांची पाहणी हॅकेट आणि रेनी या डॉक्टरांनी केली, ती १९७६मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. निम्म्याहून अधिक जणांना, नेमके सांगायचे तर ५३ टक्क्यांना, उंचीचा आजार झालेला आढळला. विमानाने लुक्लाला उतरून भराभर वर आलेल्यांना तो जास्त झाला होता, पायी सावकाश आलेल्यांना कमी. तरुणांना वयस्करांपेक्षा जास्त! पाठीवरच्या ओझ्याचा फारसा संबंध दिसला नाही. दमदार माणूस भराभर चढतो आणि नेमका म्हणूनच गोत्यात येतो, एवढाच त्याचा अर्थ. जाळे ओढून कमावलेले दंड इथे कामी येत नाहीत. पाण्याखाली दीड-दोन मिनिटे श्वास रोखण्याची सवयही नाही, कारण डोंगरावर गरज असते ती श्वास वाढवण्याची.

याचा अर्थ व्यायाम करू नये असा नव्हे. तीन महिने आधीपासून पाठीवर आठ-दहा किलोची सॅक घेऊन चालण्याची सवय केली तर गुडघे, मांड्या आणि खांदे तयार होतात. तारकर्लीच्या भुसभुशीत वाळूत तासभर चालणे पोटऱ्यांना चांगलेच कामाला लावते. रांगणा किंवा मनोहर-मनसंतोषगडाची चढउतार त्याहून उत्तम, विशेषतः उतार. ट्रेकवर गुडघे बोलतात ते उतरताना. मात्र सिंधुदुर्गातच काय, अख्ख्या महाराष्ट्रात विरळ हवेची सवय होईल अशी जागाच नाही. आंबोली सातशे मीटरच्या आत आणि कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर. उंचीचा त्रास साधारण २५०० मीटरच्या वर सुरू होतो. ती तयारी तिथे जाऊन, दिवस घालवूनच करावी लागते.

आता हम्प्ता पासचे आकडे मांडून पाहू. हा ट्रेक नवख्यांचा, सोपा म्हणून ओळखला जातो. मनाली सुमारे २०५० मीटर. पहिला मुक्काम चिका, सुमारे ३१०० मीटर. दुसरा मुक्काम बालू का घेरा, सुमारे ३६०० मीटर. (नाव ‘वाळूचा घेरा’, मालवणच्या माणसाला तिथे थोडे घरच्यासारखे वाटायला हरकत नाही.) तिसऱ्या दिवशी ४२७० मीटरची खिंड ओलांडून शिया गोरू, सुमारे ३९०० मीटर. चौथ्या दिवशी छतरू, ३३०० मीटरच्या जरा वर. उंचीच्या वैद्यकातला सर्वमान्य नियम असा, की ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर मुक्काम करावा. मनालीहून थेट चिकाला जाताना पहिल्याच दिवशी हजार मीटरची उडी बसते. तिसऱ्या रात्री शिया गोरूला झोपताना आधीच्या रात्रीपेक्षा माणूस ३०० मीटर वरच असतो.

हा शेवटचा आकडा नीट पाहायला हवा, कारण खिंडीच्या ट्रेकचा खरा धोका त्यात आहे. शिखरावर जाऊन त्याच वाटेने परतायचे असेल तर त्रास झाला की मागे फिरणे सरळ असते. खिंड ही दोन खोऱ्यांमधली वाट आहे. एका बाजूने चढायचे, दुसऱ्या बाजूने उतरायचे. गाडी पलीकडे उभी, सामान पलीकडे जाणार, जेवणही पलीकडे. बालू का घेराच्या तंबूत एखाद्याचे डोके ठणकते आहे, जेवण नको म्हणतो आहे, एकदा उलटीही झाली आहे. अशा वेळी कुणीतरी हमखास म्हणतो, ‘‘उद्या खिंड ओलांडली की पुढे सगळा उतारच आहे.’’ ऐकायला धीराचे वाटते, पण हिशेब चुकीचा आहे. त्या उताराआधी पावणेसातशे मीटरची चढण आहे, तीही बर्फातून किंवा सुट्या दगडांतून, आणि त्या उतारानंतरची झोप आजच्यापेक्षा उंच आहे. आजारी माणसासाठी ‘खाली’ याचा एकच अर्थ होतो: काल जिथे बरे वाटत होते त्याच्याही खाली. बालू का घेराहून तो आलेल्या वाटेनेच जातो. चिकाला उतरले तर ५०० मीटर कमी होतात, आणि त्याच दिवशी जोबराचा रस्ता गाठता येतो.

डोकेदुखीबरोबर मळमळ, भूक न लागणे, चक्कर किंवा कमालीचा थकवा यांतले काही असेल तर तो उंचीचा सौम्य आजार आहे असेच धरून चालावे. ऊन लागले, पित्त झाले, बसचा त्रास अजून उतरला नाही ही कारणे नंतर शोधावीत. अशा माणसाने तिथेच थांबायचे, आणखी वर जायचे नाही. बहुतेकांना एक-दोन दिवसांत आराम पडतो. बरे न वाटल्यास किंवा त्रास वाढल्यास खाली उतरायचे.

पुढची पायरी दोन प्रकारची असते आणि दोन्ही जीवघेण्या आहेत. पहिल्या प्रकारात फुप्फुसातील रक्तवाहिन्या कमी ऑक्सिजनमुळे आकुंचन पावतात, त्यांतला दाब वाढतो आणि केशवाहिन्यांतून द्रव वायुकोशांत पाझरू लागतो. हे बहुधा नव्या उंचीवरच्या दुसऱ्या रात्रीपासून चौथ्या रात्रीपर्यंत दिसते. आधी चालण्याची गती पडते. कालपर्यंत पुढे असणारा माणूस आज सगळ्यांच्या मागे राहतो. मग कोरडा खोकला, आणि मग बसल्या जागी, काही न करता दम लागणे. थुंकीत गुलाबी फेस दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. दुसऱ्या प्रकारात मेंदूला सूज येते. माणूस असंबद्ध बोलतो, चिडचिड करतो, गप्प होतो, दारू प्यायल्यासारखा झोकांड्या देतो. त्याला झोपू द्यावे असे सोबत्यांना वाटते, आणि सकाळी तो उठत नाही. या दोन्ही अवस्थांत उपचाराचा कणा एकच: रात्र असो, पाऊस असो, निदान ३०० ते १००० मीटर खाली नेणे. वाट अंधारात खरोखरच धोक्याची असेल तरच उजाडण्याची वाट पाहायची, तीही ऑक्सिजन लावून आणि माणूस सतत शेजारी बसवून. आजाऱ्याला एकटे पाठवायचे नाही, आणि शक्यतो चालवायचेही नाही. श्रमाने फुप्फुसातील दाब आणखी वाढतो.

म्हणून बेत आखताना कागदावर प्रत्येक मुक्कामासमोर दोन रकाने हवेत. झोपण्याची उंची किती, आणि इथून आजाऱ्याला खाली न्यायचे तर कुठल्या दिशेला आणि किती तासांत. हम्प्तासाठी एक रात्र मनालीत जास्त आणि एक रात्र बालू का घेराला जास्त, अशा दोन रात्री घातल्या तर ट्रेकचे रूपच पालटते. चार दिवसांची सहल सहा दिवसांची होते, तंबूचे आणि खेचरांचे पैसे वाढतात. आयोजक सहसा स्वतःहून हे सुचवत नाही, कारण शेजारचा आयोजक चार दिवसांतच नेतो. विचारणाऱ्यानेच विचारायला हवे.

कुठल्या बाजूने चढायचे, हाही वैद्यकीय प्रश्न आहे. ५३१९ मीटरचा पिन-पार्वती पास घ्या. पार्वती खोऱ्यातून, खीरगंगा आणि मानतलाईच्या वाटेने गेले तर जंगल, कुरणे आणि हिमनदी असा आठवड्याभराचा चढ आहे. शरीराला वेळ मिळतो. उलट दिशेने जायचे तर गाडी स्पितीतील मुध गावापर्यंत, सुमारे ३८०० मीटरपर्यंत, सोडते आणि तिथून दोन-तीन मुक्कामांतच खिंड समोर येते. अंतर कमी, श्रमही काहीसे कमी, धोका मात्र जास्त. नेपाळमध्ये एव्हरेस्टच्या परिसरातील तीन खिंडींचा जो ट्रेक आहे, त्यातल्या कोंगमा ला, चो ला आणि रेंजो ला या तिन्ही ५३०० मीटरच्या वर आहेत. तिथे तर दोन खिंडींच्या मधले खोरेही आपल्या कल्पनेतल्या ‘खाली’पेक्षा बरेच वर असते. अशा ट्रेकला तीन आठवडे काढता येत नसतील तर तो पुढच्या वर्षावर ढकलावा.

औषधांविषयी. अ‍ॅसिटाझोलामाइड, ट्रेकरांच्या भाषेत डायमॉक्स, हे खरे उपयोगाचे औषध आहे. ते मूत्रपिंडांना बायकार्बोनेट बाहेर टाकायला मदत करते, म्हणजे शरीर जे चार दिवसांत करणार ते जरा लवकर घडवते. प्रतिबंधासाठी प्रौढांना १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून, असा डोस सहसा देतात. बोटांना मुंग्या येतात, लघवी वारंवार होते, सोड्याची चव बिघडते. यात घाबरण्यासारखे काही नाही. पण सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी, मूत्रपिंडाचे किंवा यकृताचे विकार असतील तर ते घेण्याआधी डॉक्टरांशी बोलायलाच हवे. पहिली गोळी घरी असतानाच घेऊन पाहणे शहाणपणाचे. डेक्सामिथासोन आणि निफेडिपिन ही आणीबाणीची औषधे. ती गटात असावीत, ती कधी द्यायची हे एकाला तरी डॉक्टरकडून शिकवलेले असावे, आणि ती देऊन वर जाणे चालू ठेवू नये.

कापराची पुरचुंडी हुंगल्याने नाक मोकळे वाटते, हवेतला ऑक्सिजन वाढत नाही. ट्रेकरांमध्ये हातोहात फिरणाऱ्या ‘कोका’च्या साबुदाणा गोळ्यांनी हा आजार टळतो याला पुरावा नाही. दुकानात मिळणारा ऑक्सिजनचा छोटा डबा काही मिनिटांत संपतो. कोविडनंतर घराघरांत आलेला ऑक्सिमीटर न्यायला हरकत नाही, पण गार पडलेल्या बोटावर तो चुकीचे आकडे दाखवतो, आणि चार हजार मीटरवर ८५चा आकडा बऱ्या माणसातही दिसू शकतो. आकड्यापेक्षा माणूस कसा दिसतो ते पाहावे. दारू आणि झोपेच्या गोळ्या रात्रीचे श्वसन आणखी मंद करतात. पाणी पुरेसे प्यावे, पण ‘पाच-सहा लिटर ढोसले की काही होत नाही’ हाही गैरसमजच. त्याने रक्तातील सोडियम घसरते आणि पुन्हा डोकेच दुखते. भूक मरते, म्हणून ओळखीची चव बरोबर असावी. खोबऱ्याची वडी, शेंगदाण्याचा लाडू घशाखाली उतरतो, तिथे पाकिटातला ओट्स उतरत नाही.

निघण्याआधी बहुतेक आयोजक डॉक्टरच्या सहीचा तंदुरुस्तीचा दाखला मागतात. हा कागद बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत दोन मिनिटांत मिळतो, आणि खरे तर तिथेच थांबून बोलायला हवे असते. नाडी आणि रक्तदाब समुद्रसपाटीला ठीक आहेत, एवढेच तो सांगतो. उंची कुणाला मानवणार नाही हे सांगणारी कुठलीही रक्ततपासणी मालवणात नाही, मुंबईतही नाही. पूर्वी कधी उंचीवर त्रास झाला होता का, हा प्रश्न सगळ्या तपासण्यांपेक्षा जास्त सांगतो. हृदयविकार, दमा, तीव्र रक्तक्षय, सिकलसेल, गरोदरपण ही माहिती लपवून दाखला मिळवता येतो. खिंडीत त्याचा उपयोग होत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या ट्रेकवर बंद करायच्या नसतात. इन्शुलिन गोठले की निकामी होते, म्हणून ते कपड्यांच्या आत, अंगाशी ठेवावे; ग्लुकोमीटरही थंडीत दगा देतो.

हवामानापुढे तर औषधाचेही काही चालत नाही. जून २०२४मध्ये उत्तराखंडातील सहस्रताल ट्रेकवर २२ जणांचा गट परतीच्या वाटेवर हिमवादळात सापडला आणि त्यांतल्या ९ जणांचा मृत्यू झाला. ऑक्टोबर २०२१मध्ये हर्षिलहून छितकुलकडे निघालेल्या गटावर लमखागा खिंडीच्या परिसरात असाच बर्फ कोसळला आणि त्यांतले अनेक जण दगावले. हेलिकॉप्टर हवा उघडल्यावरच येते. बंदरावर बावटा लागला की होडी बाहेर काढायची नाही, हे मालवणात लहान पोरालाही ठाऊक असते. डोंगरावर तोच बावटा वाटाड्याच्या तोंडून येतो, ‘आज नको’ एवढ्या दोन शब्दांत. त्या दिवशी थांबता यावे म्हणूनही मोकळा दिवस लागतो, आणि परतीचे आरक्षण त्या हिशेबाने, दोन दिवस पुढचे करावे लागते. ते दिवस उरलेच तर मनालीत घालवायला हरकत नाही.

मेंदूची सूज ओळखायची एक साधी चाचणी आहे, तिला यंत्र लागत नाही. जमिनीवर सरळ रेघ ओढायची आणि एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना टेकवत, आधार न घेता, त्या रेघेवरून चालायला सांगायचे. ज्याचा तोल जातो त्याला लगेच खाली न्यायचे, तो कितीही ‘मी बरा आहे’ म्हणाला तरी. पण एखाद्याची चाल मुळातच कशी आहे हे आधी पाहिलेले असेल तर फरक लवकर कळतो. गटातल्या प्रत्येकाने निघण्यापूर्वी एका संध्याकाळी चिवल्याच्या वाळूत रेघ ओढून तिच्यावरून एकदा चालून दाखवावे, आणि बाकीच्यांनी पाहावे.